घासून न निघणारा ‘मळ’: मान, घोटे, बेंबीवरच्या काळपट थराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज साबण लावून घासले तरी मानेवरचा काळपट थर जात नाही. हा मळ आहे की आजार?

बहुधा दोन्ही नाही. अंघोळ व्यवस्थित होते, दुखत नाही, खाजत नाही आणि तरी मळाचे पुट चढल्यासारखे दिसते, असे असेल तर ती ‘टेरा फर्मा-फॉर्म डर्मॅटोसिस’ ही निरुपद्रवी अवस्था असू शकते. लॅटिनमध्ये ‘टेरा फर्मा’ म्हणजे घट्ट जमीन. त्वचेवर मातीचा थर वाळून घट्ट बसल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. १९८७ मध्ये डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तिचे पहिल्यांदा वर्णन केले, त्यामुळे ‘डंकन्स डर्टी डर्मॅटोसिस’ असेही म्हणतात. या दुसऱ्या नावाने गैरसमजच वाढतो. अस्वच्छतेशी या अवस्थेचा संबंध नाही, उलट स्वच्छतेबाबत काटेकोर असणाऱ्यांमध्येही ती दिसते.

मराठीत हिला वेगळे नाव नाही. घरात ‘मान नीट घासत नाही’ एवढेच ऐकू येते.

ती ओळखायची कशी? नेमके कुठे आणि कसे दिसते?

सर्वांत जास्त मानेवर: मागे, बाजूंना आणि गळ्याच्या घड्यांत. त्याखालोखाल घोट्यांभोवती, विशेषतः घोट्याच्या हाडामागच्या खळग्यात. बेंबीत आणि तिच्याभोवती, काखेत, छाती-पाठीवर, कानामागेही दिसते. मुले आणि किशोरवयीन यांच्यात जास्त आढळते, पण मोठ्यांनाही होते.

रंग तपकिरी, राखाडी किंवा काळपट. स्पर्श थोडा खरखरीत, कधी मखमली. नीट उजेडात, त्वचा दोन बोटांनी ताणून पाहिली तर सलग डागाऐवजी छोट्या-छोट्या चपट्या पापुद्र्यांची जुळणी दिसते. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप या भिंगातून पाहतात तेव्हा हे चित्र अगदी स्पष्ट होते. मोठे, कोनाकोनाचे तपकिरी तुकडे एकमेकांना लागून बसलेले, मध्ये फिकट फटी. शहाबादी फरशीचे तुकडे बसवलेले अंगण किंवा उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातला भेगाळलेला चिखल डोळ्यांसमोर आणा.

खाज, वेदना, लाली, पाणी सुटणे यातले काहीही नसते. यातले एक जरी लक्षण असले तरी दुसऱ्या कारणाचा विचार आधी करा.

स्वच्छ माणसाच्या अंगावर हे येतेच कसे?

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत पेशी असतात. त्या रोज थोड्या-थोड्या झडतात, आपल्याला कळतही नाही. या अवस्थेत त्या वेळेवर झडत नाहीत. एकावर एक चढतात, त्यात त्वचेतले तेल, घाम आणि थोडी धूळ घट्ट बसते. बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणे) केलीच तर केराटिनचा, म्हणजे बाहेरच्या थरातल्या कठीण प्रथिनाचा, जाड झालेला थर दिसतो, काही ठिकाणी केराटिनचे भोवरे दिसतात आणि त्या थरात मेलॅनिन अडकलेले सापडते. म्हणजे काळेपणातला मोठा वाटा आपल्याच त्वचेच्या रंगद्रव्याचा असतो, बाहेरच्या मातीचा नव्हे.

मान आणि घोटा याच जागा का? तिथे घड्या आणि खळगे आहेत आणि अंघोळीत हात तिथून घाईने फिरतो.  पण पेशी का चिकटून राहतात याचे पूर्ण स्पष्टीकरण एवढ्याने मिळत नाही. दोन भावंडे एकाच बाथरूममध्ये, एकाच साबणाने अंघोळ करतात आणि एकाच्याच मानेवर थर येतो.

साबणाने निघत नाही, मग अल्कोहोलने कसे निघते?

साबण आणि पाणी सैल मळ उचलून नेतात. पापुद्रे एकमेकांना चिकटवणारे तेलकट बंध मात्र त्यांना फारसे दाद देत नाहीत. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल हे बंध सैल करते आणि बरोबरच्या चोळण्याने पापुद्रे सुटतात. या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. नुसते अल्कोहोल शिंपडून काही होत नाही आणि नुसते घासूनही नाही.

हीच या अवस्थेची तपासणी आणि हाच उपचार. खाली निरोगी त्वचा उघडी पडली आणि बोळ्यावर तपकिरी रंग उतरला, की निदान झाले. वैद्यकीय लिखाणात याला ‘अल्कोहोल स्वॅब चाचणी’ म्हणतात (स्वॅब म्हणजे अल्कोहोलने ओला केलेला तुकडा). रक्ततपासणी आणि बायोप्सीचा खर्च करण्याआधी दोन रुपयांचा स्वॅब वापरून पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेडिकलमधून नेमके काय आणायचे?

सर्वांत सोपे म्हणजे इंजेक्शनआधी वापरतात ते अल्कोहोल स्वॅब. इन्सुलिन घेणाऱ्या अनेकांच्या घरी डबा असतो. छोट्या चौकोनी पाकिटात एकेक ओला तुकडा असतो आणि पाकिटावर ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल ७०%’ लिहिलेले असते. तेवढे वाचून घ्या. एका स्वॅबने दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या दोन-तीन जागा होतात, मग तो वाळतो. चाचणीसाठी चार-पाच पुरतात.

पूर्ण मान किंवा दोन्ही घोटे करायचे असतील तर ७० टक्के आयसोप्रोपिलची १०० मिलीची बाटली आणि गॉज (जखमेवर लावतात ते जाळीदार कापड) घ्या. कापसाचे धागे थराला चिकटतात आणि बोळा लवकर चुरगळतो. गॉजची विण थोडी खरखरीत असते, तीच इथे उपयोगाची.

सर्जिकल स्पिरिट चालते, पण लेबलवर इथाइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे प्रमाण लिहिलेले हवे. रंगीत स्पिरिट टाळा, बोळ्यावर उतरलेला तपकिरी रंग त्यात ओळखू येत नाही.

हे घेऊ नका:

– मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्के आयसोप्रोपिल. ते क्षणात उडून जाते, थर भिजायला वेळच मिळत नाही, आणि त्वचेवर वापरण्यासाठी ते बनवलेलेही नसते.
– जेलसारखा सॅनिटायझर. त्यातल्या ग्लिसरीनमुळे हात घसरतो आणि ‘चाचणी नकारात्मक’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.
– लहान बाळांचे ओले वाइप्स. बहुतेकांत अल्कोहोल नसतेच.
– रंगकामाचा थिनर, पेट्रोल, मिथेनॉल असलेले कोणतेही द्रव. त्वचेवाटे शरीरात जाणारे विष आहे ते, कुणी कितीही खात्रीने सांगितले तरी.

घरी चाचणी करायची पद्धत?

१. आधी नेहमीच्या साबणाने तो भाग धुवा आणि पूर्ण कोरडा करा. ही पायरी वगळू नका. साबणाने निघाला तर तो साधा मळच होता.

२. खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा. नंतर तुलना करायला आणि डॉक्टरांना दाखवायला कामाला येतो.

३. गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको. अल्कोहोल पेट घेते. देवघराशेजारी बसून हे काम करू नये. पंखा लावा, खिडकी उघडा.

४. डागाच्या मध्यभागी नाही, तर कडेला, जिथे निरोगी त्वचा आणि काळा थर भेटतात तिथे, साधारण दोन सेंटिमीटरची जागा निवडा. फरक तिथेच लगेच कळतो.

५. ओला स्वॅब त्या जागेवर दहा सेकंद दाबून ठेवा. मग एकाच दिशेने, थोडा जोर देऊन, दहा-पंधरा वेळा चोळा. जोर किती? नव्या स्टीलच्या डब्यावरच्या किमतीच्या स्टिकरचा चिकटा बोटाने काढताना लावतो तितका. अत्तर लावल्यासारखे टिपणे उपयोगाचे नाही.

६. स्वॅब पाहा. तपकिरी किंवा काळपट झाला, आणि चोळलेली जागा शेजारच्या निरोगी त्वचेसारखी दिसू लागली, तर तिथेच उत्तर मिळाले. रंग उतरला पण जागा अजून काळीच असेल तर नवा स्वॅब घ्या. जाड थराला एका जागेसाठी तीन-चार लागू शकतात.

७. त्वचा लाल झाली किंवा झोंबायला लागली की थांबा. उरलेले दोन-तीन दिवसांनी. संपूर्ण मान एकाच बैठकीत चकचकीत करण्याचा हट्ट धरला की साल निघते.

८. शेवटी साध्या पाण्याने धुऊन हलका थर पेट्रोलियम जेली किंवा साधे मॉइश्चरायझर लावा. अल्कोहोलने त्वचा कोरडी पडते.

चोळले, पण काही झाले नाही. म्हणजे हा तो प्रकार नाही?

लगेच तसे ठरवू नका. चाचणी फसण्याची नेहमीची कारणे आधी तपासा. स्वॅबचे पाकीट जुने आणि आतला तुकडा अर्धा वाळलेला होता का? त्या भागावर आदल्या रात्री खोबरेल लावले होते का? तेलाच्या थरावरून अल्कोहोल नुसते घसरते. चोळण्यात जोर होता का? लहान मुलाच्या मानेवर आईचा हात आपोआप हलका पडतो, हे साहजिक आहे. बेंबीत स्वॅब पोचलाच नाही, असेही होते. तिथे इअरबडवर अल्कोहोल घेऊन कडेकडेने फिरवा, आत खोलवर टोचू नका.

हे सगळे नीट करून, दोन वेगळ्या दिवशी पाहूनही फरक शून्य असेल, तर कारण वेगळे आहे असे धरा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तिसऱ्यांदा जास्त जोराने घासू नका.

उलट, अल्कोहोलने निघाला म्हणजे हाच प्रकार, असे छातीठोकपणे म्हणता येते?

जवळजवळ. पण अल्कोहोल आणखी काही गोष्टीही पुसते. गळ्यातला किंवा पायातला काळा दोरा, नव्या गणवेशाची कॉलर, स्वस्त जीन्स यांचा सुटलेला रंग स्वॅबवर निळा-काळा उतरतो. नकली मंगळसूत्र किंवा चेनच्या तांब्यामुळे हिरवट छटा येते. केसांचा डाय मानेवर ओघळलेला असतो. म्हणून चाचणीआधी दोरा, साखळी काढून ठेवा आणि डाग दागिन्याच्या रेषेतच आहे का ते पाहा.

दुसरा जवळचा भाऊ म्हणजे ‘डर्मॅटोसिस नेग्लेक्टा’. यात खरोखरच तो भाग बरेच दिवस धुतलेला नसतो: शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या भीतीने, अर्धांगवायूमुळे किंवा दुखण्यामुळे. तिथला थर साबण-पाण्याने, नेटाने चोळून निघतो, आणि अल्कोहोलनेही निघतो. फरक कळतो तो पहिल्या पायरीतच, म्हणून आधी साबण.

सासूबाई म्हणतात, मान काळी पडली म्हणजे साखर वाढली. खरे आहे का?

त्यांचे म्हणणे उडवून लावू नका. मानेवर, काखेत जाड, मखमली, काळपट पट्टा येणारी दुसरी एक अवस्था आहे, अॅकँथोसिस नायग्रिकन्स. तिचे इन्सुलिन-प्रतिरोधाशी, म्हणजे शरीराने साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला नीट दाद न देण्याशी, घट्ट नाते आहे, आणि दिसायला ती इतकी सारखी असते की डोळ्यांनी वेगळे करणे अनुभवी माणसालाही जड जाते. अल्कोहोलने ती जात नाही. स्वॅब पांढराच राहतो, किंवा थोडा मळकतो पण त्वचा जशीच्या तशी.

अशा वेळी स्वॅब बाजूला ठेवून रक्तातली साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), वजन आणि कमरेचा घेर पाहणे गरजेचे आहे. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

‘पण आमचा मुलगा तर सडपातळ आहे’ हे उत्तर पुण्यात तरी पुरेसे धरू नये. इथल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी दडलेली असते, म्हणून न पुसता येणारी काळी मान दिसली तर वजन पाहून गप्प बसू नका.

एखाद्याला दोन्ही एकत्र असू शकतात. वरचा थर अल्कोहोलने निघतो आणि खाली मूळचा काळसर, जाडसर पट्टा उरतो. अर्धे निघाले म्हणून निर्धास्त होऊ नका, उरलेल्या अर्ध्याची तपासणी करा.

आणखी कशाशी गल्लत होते?

शिबं. पाठ, छाती, मानेवर बुरशीमुळे येणारे फिकट किंवा तपकिरी, बारीक कोंडा सुटणारे डाग. नखाने खरवडले की भुसा निघतो. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत वाढतात. यांना बुरशीविरोधी औषध लागते.

किशोरवयात छातीच्या मधोमध आणि पाठीच्या वरच्या भागात जाळीसारखे तपकिरी ठिपके एकमेकांत मिसळत जातात, तो ‘कॉन्फ्लुएंट अँड रेटिक्युलेटेड पॅपिलोमॅटोसिस’. शिबं समजून वर्षभर मलमे लावली तरी तो जात नाही आणि मिनोसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने उतरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नव्हे ते.

एक्स-लिंक्ड इक्थिओसिस. मुलग्यांमध्ये, तान्हेपणापासून, नडगीवर आणि मानेच्या बाजूंना तपकिरी खवले. जन्मापासूनचा इतिहास हीच मोठी खूण. दमा, सर्दी, इसब असणाऱ्या मुलांची मानही काळपट, सुरकुतलेली दिसते, पण तिथे खाज असते.

आणि मांडी घालून बसण्याचा घट्टा. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर गोल, जाड, काळा ठिपका, जमिनीवर बसणाऱ्या अनेकांना असतो. तो दाबामुळे आलेला आहे आणि अल्कोहोलला जुमानत नाही. त्याच्या शेजारच्या खळग्यातला थर मात्र पुसून जाऊ शकतो. म्हणून घोट्याची चाचणी हाडाच्या टोकावर करू नका.

वज्री, नायलॉनची घासणी, उटणे, लिंबू-सोडा – यांपैकी काय चालते?

वज्री तळपायाच्या टाचेसाठी आहे. तिने मान घासणे म्हणजे भिंतीच्या पॉलिश पेपरने चेहरा साफ करणे. थर निघत नाही, पण भोवतालची निरोगी त्वचा सोलवटते, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेत सोलवटलेली जागा भरताना बऱ्याचदा काळी होते. म्हणजे घासून-घासून आणखी काळी मान.

नायलॉनच्या घासणीचे नुकसान सावकाश कळते. वर्षानुवर्षे तिने पाठ, दंड घासणाऱ्यांमध्ये तिथे लहरींसारखे तपकिरी पट्टे येतात, त्याला मॅक्युलर अमायलॉइडोसिस म्हणतात. एकदा आले की ते घालवणे फार अवघड. निरुपद्रवी गोष्टीवर कायमस्वरूपी डाग विकत घेतल्यासारखे होते हे.

उटणे दिवाळीत लावा, सुगंधासाठी आणि आनंदासाठी. मसूर डाळीचे पीठ किंवा बेसन याने त्वचा थोडी घासली जाते, हा थर मात्र सहसा जात नाही. लिंबू लावून उन्हात जाणे हे सरळ चुकीचे: लिंबाच्या रसातले घटक उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि गडद डाग सोडतात. सोडा अल्कलीयुक्त असतो, नाजूक त्वचेला झोंबतो.

चिठ्ठीशिवाय मिळणारी ‘गोरे करणारी’ किंवा ‘खाज-नायटा-डाग सर्वांवर’ अशी मलमे टाळा. त्यांत अनेकदा कडक स्टिरॉइड असते. मान आणि काखेच्या पातळ त्वचेवर ते महिने-महिने लावले की त्वचा पातळ होते, रेषा उमटतात, बुरशी फोफावते. इथे स्टिरॉइडचे कामच नाही.

अल्कोहोलने पूर्ण निघाले नाही, जाड थर आहे. पुढे काय?

आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी त्वचा लाल होण्याच्या आधी थांबून, दोन-तीन आठवडे करा. बऱ्याचदा एवढे पुरते. तरीही पापुद्रे शिल्लक असतील तर डॉक्टर १० ते २० टक्के युरियाचे मलम, १२ टक्के लॅक्टिक अॅसिडचे लोशन किंवा सॅलिसिलिक अॅसिड सुचवतात. ही औषधे थर मऊ करतात, मग अल्कोहोल सहज काम करते. सॅलिसिलिक अॅसिड मोठ्या भागावर किंवा लहान मुलांवर स्वतःच्या मनाने लावू नका, ते त्वचेतून शरीरात शोषले जाते. आणि लॅक्टिक अॅसिड लावलेल्या दिवशीच अल्कोहोलने चोळणे टाळा. दोन्ही एकत्र झाले की रात्रभर झोंबते.

एकदा गेले की पुन्हा येते का?

अनेकांचे एकदाच जाऊन परत येत नाही. काहींमध्ये काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच जागी हलका थर परत दिसतो. उपचार चुकला असा त्याचा अर्थ नाही. पंधरा दिवसांतून एकदा त्या जागेवर एक स्वॅब फिरवा, आणि अंघोळीत ओल्या पंचाचे टोक बोटाला गुंडाळून मानेच्या घड्यांत व घोट्याच्या खळग्यांत फिरवण्याची सवय ठेवा. तेल लावून अंघोळ करत असाल तर नंतर त्या भागावर साबण पुन्हा एकदा फिरवा.

रोज अल्कोहोल लावण्याची गरज नाही. रोज लावले तर त्वचा कोरडी, भेगाळलेली आणि पुन्हा काळी होते.

आमच्याकडे टँकरचे, बोअरचे पाणी आहे. त्यामुळे होते का?

पुण्याच्या वाघोली, उंड्री, पिसोळी भागातल्या अनेक सोसायट्यांतून हा प्रश्न येतो. बोअरचे पाणी बऱ्याचदा जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट साबणाचा पांढरट चिकट साका त्वचेवर बसतो आणि कोरडेपणा वाढतो. पण या अवस्थेचे ते कारण मानले जात नाही. खडकवासल्याचे पाणी येणाऱ्या पेठांतल्या घरांतही ती होते. जड पाणी असेल तर साबणाऐवजी द्रव क्लिन्झर वापरा, तो तितका साका सोडत नाही.

हेल्मेट, स्कार्फ आणि ढोल-ताशाचा सराव?

घाम आणि धूळ मानेवर जास्त वेळ राहतात, एवढाच संबंध. पावसाळ्यात सरावावरून रात्री उशिरा आल्यावर तशीच झोपण्याऐवजी मान धुवा. स्कार्फ रोजचा रोज धुतलेला असावा. पण हे सगळे करूनही थर येऊ शकतो, आणि न करणाऱ्या शेजाऱ्याला येत नाही. म्हणून याला दोष देत बसू नका.

हे संसर्गजन्य आहे का? कर्करोग होतो का?

नाही. नाही. टॉवेल, कंगवा, पोहण्याचा तलाव, कशानेच पसरत नाही.

शाळेत बाईंनी मुलीला सगळ्यांसमोर मान दाखवायला लावली. काय करू?

एक स्वॅब आणि दोन फोटो दाखवा: चोळण्याआधीचा आणि चोळल्यानंतरचा. बहुतेक शिक्षकांना या अवस्थेचे नावही ठाऊक नसते, आणि चोळून निघालेला थर पाहिला की ते लगेच समजून घेतात. मुलीला मात्र आधी सांगा: ‘बाळा, हे तू घाण राहिलीस म्हणून झालेले नाही.’ मुले ‘मळकी’ हा शब्द मनाला लावून घेतात आणि मग चोरून वज्री घेतात. वर लिहिलेले नुकसान तिथूनच सुरू होते.

लहान बाळावर अल्कोहोल वापरावे का?

दोन वर्षांखालील मुलांवर घरी करू नका. त्यांची त्वचा पातळ असते, अल्कोहोल शोषले जाते आणि वाफही श्वासात जाते. नवजात बाळांच्या त्वचेला अल्कोहोलने रासायनिक भाजल्यासारख्या जखमा होऊ शकतात. डॉक्टरांसमोर, छोट्या जागेवर, काळजीपूर्वक होऊ द्या. मोठ्या मुलांमध्येही डोळ्यांजवळ, जननेंद्रियांजवळ, खरचटलेल्या किंवा इसब असलेल्या त्वचेवर लावू नका. दाढी किंवा केस काढल्यानंतरच्या दिवशीही नको.

डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जायचे?

स्वॅबने फरक पडला नाही; खाज, वेदना, खवले, पाणी किंवा झपाट्याने पसरणे आहे; मानेबरोबर काखेतही काळे पट्टे आहेत आणि वजन वाढते आहे; किंवा तीन आठवडे नियमित करूनही थर शिल्लक आहे, यांपैकी काहीही असले तर जा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात केस पेपर काढून दाखवता येते. खासगी दवाखान्यात पहिल्या भेटीतच डर्मोस्कोप आणि स्वॅब यांवर निर्णय होतो. गरज वाटली तर डॉक्टर त्वचेचा भुसा खरवडून बुरशी तपासतात, बायोप्सी फार क्वचित लागते.

किती दिवसांपासून आहे, कोणती मलमे लावली (जमल्यास ट्यूबच घेऊन या), घरात मधुमेह आहे का, हे सांगा. आणि दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी तो भाग चोळून स्वच्छ करून जाऊ नका. तसे केले तर डॉक्टरांना पाहायला, चाचणी करायला काही उरत नाही.